सगळ्या पायऱ्या सारख्या

मनकर्णामावशी ज्या घरात राहायला गेली, त्या घराला तेव्हा भिंती नव्हत्या. छप्पर नव्हतं, दारही नव्हतं. वडनेरच्या बाहेर काळ्या जमिनीचा एक मोकळा तुकडा होता आणि त्यावर चुन्याच्या फक्कीनं मारलेल्या पांढऱ्या रेघा. तरी ती रोज संध्याकाळी तिथं जायची आणि परत आल्यावर कुणी विचारलं, तर "घरी गेलती" असंच सांगायची.

मी तिच्या बहिणीची मुलगी, अंजू. हिंगणघाटला शाळेत शिकवते. रविवारी बस पकडून वडनेरला जायचं आणि दिवसभर मावशीच्या मागं मागं फिरायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. त्यामुळे ते घर जन्माला येताना मी बऱ्यापैकी जवळून पाहिलं.

मावशीचे यजमान अण्णाजी. सगळं गाव त्यांना अण्णाजी म्हणतं, म्हणून मीही. गावातल्या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. दोर, कासरे, विळे, ताडपत्र्या, फवारणीचे पंप. दुकानाच्या मागं आणि वर त्यांचं जुनं घर. ते घर कुणी एकदा ठरवून बांधलेलं नव्हतं, जशी गरज पडली तसं ते वाढत गेलं. मुलगा झाला तेव्हा एक खोली निघाली, दुकानात माल मावेना तेव्हा दुसरी. वर जायचा जिना तर तीन वेगवेगळ्या मिस्त्र्यांच्या हातचा होता. कुठली पायरी गुडघ्याएवढी उंच, कुठली चपलेच्या टाचेएवढी. एका वळणावर पाऊल पूर्ण टेकायचंच नाही. जमीन काळी. पावसाळ्यात फुगायची, उन्हाळ्यात फाटायची आणि भिंती तिच्याबरोबर श्वास घ्यायच्या. चैत्रात ज्या भेगेत बोट जायचं, तीच भेग श्रावणात मिटून जायची.

मावशीला त्या जिन्याचं काही वाटत नसे. डोक्यावर ज्वारीचं टोपलं घेऊन ती बोलत बोलत वर जायची. तिच्या पायांना प्रत्येक पायरी पाठ होती.

मग तिचे डोळे जाऊ लागले. सुरुवातीला तिला ते डोळ्यांचं वाटलंच नाही. तिला वाटलं, आजकाल दिवसच लवकर मावळतो. दुपारचा चहा ठेवताना ती लाइट लावायची आणि अण्णाजी हसायचे. एकदा तिनं समोर उभ्या असलेल्या मला ओळखलं, पण बाजूच्या बाजेवर बसलेली माझी आई तिला दिसलीच नाही. तेव्हा आम्ही तिला सावंगीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती दिवस टिकेल ते औषधावर आणि नशिबावर, असं त्यांनी फार हळुवारपणे समजावलं.

परत येताना मावशी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "नळीतून पाह्यल्यावानी दिसते व अंजू. मधातलं दिसते. कडा कुठी गेल्या?"

मी तिचा हात धरला.

त्याच उन्हाळ्यात ती त्या जिन्यावरून पडली. पायांना पायऱ्या पाठ होत्या खऱ्या, पण नजरेनं घाबरलेल्या माणसाचे पायही घाबरतात. मनगट मोडलं. त्या दिवशी अण्णाजींनी दुकान बंद ठेवलं, तिच्या बाजेशी बसून राहिले आणि म्हणाले, "आता नवं घर बांधाचं. प्लॉट पडूनच आहे."

प्लॉट गावाबाहेरच्या लेआउटमध्ये होता. बिगरशेती झालेला, कागदानं चोख. मुलगा गजेंद्र पुण्याला नोकरीला. त्यानं फोनवर होकार दिला आणि वर आणखी दोन खोल्या काढा म्हणाला. इंजिनियर मी सुचवली. वर्षाली, आमच्याच शाळेतून शिकून गेलेली मुलगी. हिंगणघाटला तिनं नुकतंच छोटंसं ऑफिस टाकलं होतं.

वर्षाली नकाशा घेऊन आली तो दिवस ढगाळ होता. तिनं ओट्यावर कागद उलगडला आणि चार कोपऱ्यांवर दुकानातले चार विळे ठेवले. अण्णाजी चष्मा लावून वाकले आणि "हं, हं" करत मान हलवू लागले. मावशीनं कागदाला जवळजवळ नाक लावलं.

"मले नुसतं पांढरं धुकं दिसते," ती म्हणाली. "तू तोंडानं सांग पोरी."

वर्षाली गोंधळली. नकाशा तोंडानं सांगायचा असतो हे तिला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ती डोळे मिटून बोलायला लागली. "काकू, तुम्ही रस्त्यावरून येता. फाटक उघडता. पण लगेच घर लागत नाही. आधी मोकळी जागा आहे. तुम्ही दोन्ही हात पसरून गिरकी घेतली तरी कशाला हात लागणार नाही एवढी."

"अन् मंग?"

"मग उतार आहे. पायरी नाही, उतार. त्यावरून तुम्ही ओसरीत येता."

मावशीनंही डोळे मिटले होते. ओट्यावर बसल्या बसल्या तिचे पाय किंचित हलत होते, जणू ती उतार चढत होती.

"मोकळी जागा काऊन सोडाची?" तिनं विचारलं.

"नियम आहे काकू. पुढे, मागे, बाजूला जागा सोडावी लागते. सामासिक अंतर म्हणतात त्याला."

"थे झालं. पन काऊन?"

वर्षालीनं डोळे उघडले. नियम तिला ठाऊक होता, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. घर बांधणारे लोक तिला एवढंच विचारत, की यातून सुटका कशी होईल. ती विचार करून म्हणाली, "हवा यावी म्हणून. उजेड यावा म्हणून. शेजारच्या घराला आग लागली तर ती आपल्या भिंतीवर येऊ नये, आणि आपल्या घरातून कुणाला उचलून न्यायची वेळ आली तर वाट असावी म्हणून."

"म्हंजे शेजाऱ्यासाठी पन आहे," मावशी म्हणाली. "बरं आहे."

त्यानंतर पावसाळाभर वर्षाली जमेल तेव्हा यायची. नकाशा पिशवीतच राहायचा. ती सांगायची आणि मावशी ऐकायची, जशी लहानपणी आम्ही तिच्याकडून गोष्ट ऐकायचो. सयपाकघराची खिडकी थेट मोकळ्या हवेत उघडली पाहिजे, दुसऱ्या खोलीत नाही. खोली जेवढी मोठी, त्या मानानं खिडकीही मोठी. न्हाणीघराला स्वतःचा झरोका हवा. गच्चीचा कठडा माणूस तोल जाऊन पलीकडे पडणार नाही एवढा उंच हवा. प्रत्येक गोष्टीला मावशीचं "काऊन" ठरलेलं. कधी वर्षालीजवळ उत्तर असायचं, कधी नसायचं. नसलं की ती प्रामाणिकपणे सांगायची, "पाहून येते काकू," आणि पुढच्या खेपेला घेऊन यायची.

एकदा तिनं समजावलं, की हे सगळं एका जागी लिहिलेलं नाही. एक अख्ख्या देशाची इमारत संहिता आहे. घर पक्कं कसं व्हावं, त्यात माणूस सुरक्षित कसा राहावा, ते ती सांगते. दुसरी राज्याची नियमावली. कुठल्या जमिनीवर किती बांधायचं, किती उंच, रस्त्यापासून किती लांब, ते ती ठरवते. आणि परवानगीचे कागद फिरतात ते इथं आपल्या जिल्ह्यात.

मावशी हसली. "म्हंजे एक माय अन् एक सासू. एक समजावून सांगते, दुसरी दारात उभी राहून पायते."

वर्षाली इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला.

जिन्याची गोष्ट निघाली तो दिवस मला नीट आठवतो. मी ओसरीत तूर निवडत होते. वर्षाली म्हणाली, "काकू, जिन्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असाव्या लागतात. वरपासून खालपर्यंत. एक उंच, एक बुटकी असं चालत नाही."

मावशीनं मान वर केली. मग हळूच म्हणाली, "असं लिहून आहे?"

"हो. आणि पाऊल पुरतं टेकेल एवढी रुंद पायरी. बाजूनं धरायला कठडा."

"सगळ्या सारख्या," मावशी स्वतःशीच म्हणाली. तिचा मोडून जुळलेला हात मांडीवर उताणा पडला होता. "कोनं लिहलं असन व हे? कोनी तरी बसून इचार केला असन ना, का रातीबेराती एखादी बाई उतरून राह्यली, तिले दिसत नाई, अन् तिचा पाय चुकाले नाई पाह्यजे. तिकडं दिल्लीत बसून कोनाले माही आठवन आली?"

वर्षालीनं खाली पाहिलं. मी तूर निवडत राहिले, पण मला खडे दिसेनात.

दिवाळी झाली. परवानगीचे कागद वर्ध्याला गेले होते आणि एका दाखल्यासाठी अडकून पडले होते. अण्णाजींना धीर नव्हता. त्यांनी डोमाजी मिस्त्रीला बोलावलं आणि प्लॉटवर फक्की मारून घेतली. घराची जागा डोळ्यांसमोर तरी येऊ दे, म्हणाले.

ती अण्णाजींच्या डोळ्यांसमोर आली की नाही ठाऊक नाही, मावशीच्या मात्र आली. काळ्या मातीवर चुन्याची पांढरी रेघ. महिनोन्महिने धुक्यात राहिलेल्या बाईला ती रेघ स्वच्छ दिसली. ती फाटकाच्या जागी उभी राहिली आणि तिनं नळीतून पाहावं तसं एक एक रेघ धरून पूर्ण घर पाहिलं. मग चपला काढल्या आणि आत गेली.

तेव्हापासून ती तिथं राहायला लागली. दुसरा शब्द मला सापडत नाही. संध्याकाळी शेतांवर धूर आणि धुकं एकत्र होऊन पसरायचं, दूर हमरस्त्यावरून ट्रकांची घरघर यायची, वेचणी झालेल्या पऱ्हाटीत कुठं कुठं उरलेला कापूस पांढरा चमकायचा आणि मावशी आपल्या घरात फिरायची. दारातूनच आत यायची. भिंतीतून कधी जायची नाही. एकदा अण्णाजी बेडरूममधून सरळ सयपाकघरात चालत आले, तर म्हणाली, "अहो, भिंत आहे ना तिथं. वळून या." आणि ते खरंच वळून आले.

मला ती सयपाकघरात बसवायची. "इथं बस. इथं ओटा आहे, पाठ टेकू नको. आता खिडकीतून वारा येईन पाह्य." आणि वारा यायचा. मोकळ्या रानात वारा येणारच, पण त्या घरात बसून मला तो खिडकीतूनच आल्यासारखा वाटायचा. कधी कधी आम्ही दोघी काही न बोलता बसून राहायचो. रेघांपलीकडे तुरीचं शेत पिवळं फुललेलं. मला गुंगी यायची. छप्पर नसलेल्या त्या खोलीत मला घरातल्यासारखी झोप लागायची आणि मावशी हळूच उठून, आवाज न करता, दुसऱ्या खोलीत जायची.

हे चालू असताना अण्णाजींच्या मनात मात्र दुसरंच घर तयार होत होतं. दुकानात येणारा प्रत्येक जण त्यांना एकच सांगायचा. एवढी जागा मोकळी काऊन सोडता? गावात कोनं सोडली? डोमाजीनंही कान भरले. "अण्णाजी, पाहाले कोन येते इथं? जिना कोपऱ्यात उभा काढू. जागा वाचते."

त्यात अण्णाजींचा लोभ नव्हता. आयुष्यभर ते कोंबून भरलेल्या दुकानात बसले होते. मोकळी जागा म्हटली की त्यांना ती वाया गेलेली वाटायची. एका दुपारी त्यांनी डोमाजीला नेलं, जुन्या रेघा पायानं पुसल्या आणि नव्या मारल्या. घर दोन बाजूंनी कुंपणाला भिडलं. जिना एका अरुंद कोपऱ्यात उभा राहिला. मावशीला सांगितलं नाही.

तो रविवार होता. संध्याकाळी मी आणि मावशी नेहमीसारख्या गेलो. मला तरी काय कळणार? मी फोनवर बोलत मागं राहिले होते. ती फाटकातून आत गेली. आता ती रेघा पाहत नसे, पायांना घर पाठ झालं होतं. चालली, वळली, सयपाकघरात गेली, खिडकीशी जायला पुढं पाऊल टाकलं आणि थांबली. मग खाली वाकून पाहू लागली.

पुसलेल्या रेघा पुरत्या गेल्या नव्हत्या. मातीत त्यांची पांढुरकी सावली राहिली होती आणि तिच्यावरून नव्या रेघा गेल्या होत्या. मावशी एका रेघेवर पाय ठेवायची, काढायची. दुसरीवर ठेवायची. डावीकडे गेली तर भिंत आडवी आली, उजवीकडे गेली तर पायाला शेजारच्या शेताचं काट्यांचं कुंपण लागलं. तिनं हात पुढं केले. मोकळ्या रानात, आभाळाखाली, ती वाट चुकलेल्या मुलीसारखी हात पुढं करून उभी राहिली.

"अंजू!" तिनं हाक मारली. "माह्यं घर कोनं हलवलं व?"

मी धावले. तेवढ्यात रस्त्यावर अण्णाजी दिसले. थंडी पडली म्हणून ते तिची शाल घेऊन आले होते. त्यांनी तिला तशी उभी पाहिली आणि त्यांचे पाय फाटकाशीच थबकले.

"दोन घरं दिसून राह्यले मले," मावशी म्हणत होती. "एकावर एक. कोनतं माह्यं?"

अण्णाजी आत आले. नेमकं कुठून यायचं ते त्यांना कळेना. तेही रेघांत अडखळले. जवळ येऊन म्हणाले, "मी हलवलं."

ती काही क्षण त्यांच्या आवाजाकडे तोंड करून उभी राहिली. रागावली नाही. फक्त म्हणाली, "मंग मले सांगाचं ना. मी इथं राहून राह्यली."

अण्णाजींनी तिच्या खांद्यावर शाल टाकली. दुकानाशी आल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिले दिसत नाई, तिले काय समजते, असं मले वाटलं होतं. आता सांगतो तुले. असंच वाटलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुणालाही न सांगता फक्कीचं घमेलं उचललं आणि एकटेच प्लॉटवर गेले. जुन्या रेघांच्या सावल्या शोधून त्यावर मुठीनं चुना टाकत बसले. दुकानदाराचा हात तो. रेघा नागमोडी आल्या. डोमाजीला दोरी लावून पुन्हा सरळ कराव्या लागल्या. पण घर आपल्या जागी परत आलं.

पुढच्या वेळी वर्षाली आली तेव्हा अण्णाजी म्हणाले, "बेटा, आता मलेही सांग. तोंडानं." आणि ओशाळून हसले. "खरं सांगतो, त्या कागदातलं मलेही काई समजत नव्हतं. नुसती मान हलवून राह्यलतो."

वर्षालीनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तुम्ही रस्त्यावरून येता, फाटक उघडता. नवरा-बायको दोघंही ओट्यावर डोळे मिटून बसले होते. मध्येच अण्णाजींनी विचारलं, "काऊन?" आणि मावशी वर्षालीच्या आधी उत्तर द्यायला लागली.

परवानगी आली आणि पायाचं खोदकाम सुरू झालं. काळी माती वाटलं होतं त्याहून खोल निघाली. डोमाजी म्हणाला, इथंच थांबू, लोक थांबतात. वर्षालीनं खड्ड्यात उतरून माती बोटांनी चुरली आणि मुरूम लागेपर्यंत खणायला लावलं. मावशी काठावर खुर्ची टाकून बसायची. खालून पिवळसर मुरमाचं पहिलं घमेलं वर आलं तेव्हा तिनं मूठभर हातात घेतला. "हा फुगत नाई," ती म्हणाली. "याच्यावर उभं राहू."

भिंती उठू लागल्या तशी तिची नजर मिटत गेली. दोन्ही गोष्टी इतक्या हळूहळू झाल्या की कुठल्या दिवशी काय, ते सांगता येणार नाही. भिंत कमरेएवढी आली तेव्हा तिला माणसांचे चेहरे दिसेनासे झाले. स्लॅब पडला तेव्हा फक्त उजेड आणि अंधार उरले. एकदा मी तिला विचारलं, भीती वाटते का? ती म्हणाली, "वाटते. पन त्या अंधारात घर माह्याआधी पोचलं."

एका रविवारी संध्याकाळी मी दुकानात बसले असताना डोमाजी आला. टोपी हातात. म्हणाला, "अण्णाजी, चूक झाली. जिन्याचं माप घेतानी फरशीची जाडी धरली नाई. फरशी बसली का खालची पायरी बुटकी होईन. बाकीच्या सारख्याच आहेत, एकच. मॅडमले दिसन तवा दिसन, मनलं आधी तुमाले सांगतो."

मावशी आत होती. मला वाटलं, अण्णाजी विचारतील किती बुटकी, चालेल का. त्यांनी दोराचं भेंडोळं खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "फोड."

डोमाजीनं मान हलवली. जाताना म्हणाला, "माह्या घरचा जिनाही असाच आहे. म्हातारी रोज शिव्या देते. मले आतापर्यंत वाटे, तिचे पायच वाईट आहेत."

वास्तुपूजा वर्षभरानं, पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर झाली. गजेंद्र पुण्याहून आला. आलेल्या पाहुण्यांना घर दाखवायला मावशीच पुढं. कुणाचा हात न धरता ती खोल्याखोल्यांतून फिरली. खिडकीपाशी थांबली, उतारावरून खाली गेली, घराच्या बाजूनं भिंतीला हात लावत पूर्ण फेरी मारून परत दारात आली. आलेल्या कित्येकांना तिला दिसत नाही हे लक्षातही आलं नाही. माझी आई पदरानं डोळे पुसत होती, तर मावशी वर्षालीला हळूच सांगत होती, "फक्कीचं होतं तवा मोठं वाटे व. भिंती आल्या अन् घर लहान झालं."

"सगळ्यांचंच होतं काकू," वर्षाली म्हणाली.

आता या गोष्टीला दोन हिवाळे झाले. मावशी दुपारी गच्चीवर बसते. जिना ती एकटी चढते. अण्णाजींचे गुडघे दुखतात, ते कठडा धरून मागून येतात. वर ऊन असतं, खाली घराभोवतीच्या मोकळ्या पट्ट्यात तिनं लावलेल्या जास्वंदी. वारा पश्चिमेकडून येतो आणि तिला कोणत्या शेतात काय आहे ते वासावरून कळतं. कधी ती तासन्तास काही बोलत नाही. ती कुठं असते तेव्हा, मला ठाऊक नाही. चेहऱ्यावरून वाटतं, फार लांब आणि फार निवांत कुठंतरी.

गेल्या रविवारी आम्ही अशाच वर बसलो होतो. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर माणसांचे आवाज आले. मोजपट्टी गुंडाळताना होते तशी सळसळ. मी कठड्यावरून पाहिलं. एक तरुण जोडपं होतं. तो पट्टी धरून एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. ती वाकून काहीतरी विचारत होती आणि तो वैतागून मान हलवत होता.

मावशीनं मान वळवली. "कोन आहे व?"

"नवे आहेत कुणी. घर बांधायचं दिसतं."

ती उठली, कठड्याशी गेली आणि खाली आवाज दिला, "बाई व! नाव काय तुह्यं?"

ती मुलगी दचकून वर पाहू लागली. "काजल," ती म्हणाली.

"काय इचारून राह्यली त्याले?"

काजलनं नवऱ्याकडे पाहिलं, मग वर. "इचारत होती, का एवढी जागा बाजूले काऊन सोडाची."

"वर ये," मावशी म्हणाली. "त्यालेही आन. चहा ठेवतो."